हात वर म्हणजे थांब

गाडी मागे घेणं हा आमच्याकडचा फुकटचा तमाशा आहे. दुपार कलली की मुक्कामाच्या तळावर एकेक घरगाडी येऊ लागते. आधी आलेली म्हातारी मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून, हातात थंड बिअर घेऊन बसलेलीच असतात. नवरा आत स्टिअरिंगवर, बायको बाहेर मागे उभी. ती हात हलवते, तो काच खाली करून ओरडतो, ती त्याच्या वरताण ओरडते, आणि सगळ्या जन्माचा संसार तेवढ्याशा जागेत उघडा पडतो. काहींनी तर गाडी लावून झाल्यावर रात्रभर एकमेकांशी बोलायचं सोडलंय. बघणाऱ्यांना काय, करमणूक!

ग्लेनिस टॉनकिन आणि तिचा नवरा मर्व यांच्या वेळेला मात्र कुणी टाळ्या पिटायला बसत नसे. ते जोडपं तोंडातून चकार शब्द न काढता गाडी लावायचं. ग्लेनिस मागे जिथे त्याला आरशात दिसेल तिथे उभी राहायची. बोटं स्वतःकडे हलवली की ये. हात आडवा केला की वळव. दोन्ही हात वर म्हणजे थांब. मर्वने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिला गव्हाच्या ट्रकमागे उभं करून हे शिकवलं होतं. "बाकी काही चुकलं तर चालेल ग्लेन, पण हात वर म्हणजे थांब. त्यात घोळ नको." घोळ कधी झाला नाही. निदान तिच्याकडून तरी.

ग्लेनिस मूळची मूंटा गावची. तिथल्या तांब्याच्या खाणी बंद पडून जमाना झाला, तरी माणसं अजून स्वतःला खाणवाल्यांचीच म्हणवतात आणि खाणकामगारांची ती मांस-बटाटा भरलेली पेस्टी हातात धरूनच खातात. काटा-सुरी मागणाऱ्याला हसतात. बेकरीत तिची उमर गेली ती या पेस्टीच्या कडांना करंजीसारखी मुरड घालण्यात. झोपेतसुद्धा तिची बोटं पांघरुणाची कड मुरडतात, असं मर्व तिला चिडवायचा. बाई अंगाने लहानखुरी, जिभेने तिखट, आणि खोटं बोलण्यात अगदीच कच्ची. पोरगी रेलीन लहानपणी म्हणायची, आई खोटं बोलली की तिचे कान लाल होतात. या बाईला म्हातारपणी खोटं बोलायला शिकावं लागलं, आणि ती ते शिकली.

झालं असं. मर्वची आई शेवटची काही वर्षं वृद्धांच्या सेवाघरात होती. पडू नये म्हणून तिला खुर्चीला पट्ट्याने बांधून खिडकीशी बसवत. ती पट्टा ओढत राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणे, माझी बस चुकेल हो. आईला भेटून आल्यावर मर्व तिथल्या वाहनतळावर गाडी सुरूच करेना. मग म्हणाला, "ग्लेन, मला असं टाकू नकोस. रस्त्याच्या कडेला सोडून दे, पण इथे नको. वचन दे."

"दिलं. आता गाडी काढ, मांस खराब होतंय," ग्लेनिस म्हणाली. मागच्या सीटवर चॉप्सची पिशवी होती. वचन दिलं ते असं, चॉप्सच्या घाईत. पण दिलं.

पुढे बेकरी सुटली, ट्रक सुटला, आणि दोघांनी घर विकून मोटारहोम घेतलं. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे पलंग, शेगडी, मोरी, संडास. आमच्याकडे हे नवीन नाही. निम्मी पिकली डोकी याच रस्त्यावर असतात, हिवाळ्यात वर उबेला, उन्हाळ्यात खाली गारव्याला. मर्वने पहिल्याच दिवशी पेट्रोल पंपावरच्या दुकानातून मागे लावायला एक चिकटपट्टी आणली. ठसठशीत अक्षरांत: भ्रमिष्ट होण्याआधी भ्रमण. तशा पट्ट्या या रस्त्यावर शेकड्याने दिसतात, पण मर्वला ती अशी आवडली की लावताना हसून हसून त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "वाच ना ग्लेन! भ्रमिष्ट होण्याआधी! म्हणजे आत्ताच, कळलं का?" ग्लेनिसही हसली. हसणार नाही तर काय करणार, तेव्हा तो विनोदच होता.

मग विनोदाचे दिवस फिरले. एका तळावर मर्व गाडीतल्या संडासाची मैल्याची पेटी घेऊन गेला आणि सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली धुवायला लागला. तळावर याहून मोठं पाप नाही. माणूस कुणाची बायको घेऊन पळाला तर एकवेळ माफ करतील, हे नाही. बाया ओरडत धावल्या. ग्लेनिस मध्ये पडली. "माझी चूक! मीच त्याला चुकीचा नळ दाखवला. चष्मा नव्हता माझ्या डोळ्यांवर." पहिलं खोटं ते. कान लाल झाले असतील, पण त्या आरडाओरड्यात कोण बघतंय? मर्व पेटी हातात धरून उभा होता, चेहऱ्यावर पाहुण्यासारखं हसू. ग्लेनिसला तेव्हाच कळलं. बायकांना कळतं. तिने मात्र कुणालाच ताकास तूर लागू दिला नाही, डॉक्टरांनाही नाही आणि रेलीनलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कारण सांगितलं असतं तर पुढचं सगळं ठरलेलंच होतं. आधी गाडीची किल्ली जाणार. ग्लेनिसने उभ्या जन्मात छोट्या मोटारीपलीकडे काही चालवलं नव्हतं, म्हणजे घर जागीच थिजणार. मग रेलीन येणार, मग कुठलीशी खिडकी, कुठलीशी खुर्ची, पट्टा. आणि रस्त्यावर तर मर्व ठीक असायचा, ही खरी पंचाईत होती. हातांना सगळं आठवायचं. समोरून कुणाची घरगाडी आली की स्टिअरिंगवरचं त्याचं एक बोट आपोआप वर व्हायचं. अनोळखी गाडीला आमच्याकडे असाच रामराम करतात. मर्वने एकही रामराम चुकवला नाही. सरळ रस्ता, एक वळण नाही, दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं. यात काय चुकणार आहे, असं ग्लेनिस स्वतःला सांगायची.

चुकलं ते सरळ रस्त्यावर नाही, मागे घेताना चुकलं.

सेदूना गाव ओलांडून ती दोघं पश्चिमेला, अल्बनीला रेलीनकडे निघाली होती. समुद्रकाठच्या एका तळावर मुक्कामाला थांबली. शेजारच्या जागेत नेव्हिल शिर्मर नावाचा एकटा म्हातारा होता. उंच, वाकलेला, कमी बोलणारा. बायको आयरिस आदल्या वर्षी गेलेली. तिची कुत्री तेवढी सोबत, टॉफी नावाची, म्हातारी, बहिरी, गाडीच्या सावलीत पसरायची सवय असलेली. ग्लेनिस मागे गेली, उभी राहिली, बोटांनी ये-ये केलं. तेवढ्यात टॉफी उठून डुलत डुलत आली आणि थेट मागच्या चाकाच्या वाटेत आडवी झाली. ग्लेनिसने दोन्ही हात वर केले. गाडी येत राहिली. तिने हात आणखी वर केले, टाचा उंचावून, जोरात ओरडली, "मर्व! थांब!" आरशात मर्वचा चेहरा तिला स्पष्ट दिसत होता. तो तिच्याकडेच बघत होता. त्याने खुशीत मान डोलावली आणि आणखी गाडी दाबली.

कुत्री फार ओरडलीही नाही.

मर्व उतरून मागे आला. खाली बघितलं. "अगं, हे काय केलंस?" तो म्हणाला. "हात वर केलेस तू! मला वाटलं, ये म्हणतेस!"

सगळा तळ गोळा झाला होता. नेव्हिल मातीत गुडघ्यावर बसला होता, टॉफीच्या कानावर हात ठेवून. आता एक वाक्य बोललं की संपलं, हे ग्लेनिसला लख्ख दिसलं. ती म्हणाली, "माझंच चुकलं. मी चुकीची खूण केली. घाबरले आणि चुकीची केली." या वेळी कानही लाल झाले नाहीत, चेहरा पांढराफटक पडला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं, आणि संन्याशाने स्वतःच गळ्यात फास अडकवलेला.

नेव्हिलने वर पाहिलं. तिच्याकडे, मग मर्वकडे, मग त्या पट्टीकडे. "असू दे, म्हातारी झाली होती," एवढंच म्हणाला. संध्याकाळी समुद्राच्या बाजूला खड्डा त्याने एकट्याने खणला. ग्लेनिस फावडं घेऊन गेली तर मानेनेच नको म्हणाला.

आणि आता बघा दैवाची थट्टा. मर्वला सकाळचा नाश्ता आठवत नसे, रेलीनच्या पाठचा मुलगा कित्येक वर्षांपूर्वी वारला हे दोनदा नव्याने सांगावं लागलं होतं, पण हे आठवलं! डोक्यातलं बाकी सगळं गळून गेलं आणि ही एवढी गोष्ट घट्ट चिकटून बसली. पुढच्या तळावर खुर्च्या गोल मांडून सगळे बसले, खोक्यातली वाईन फिरली, आणि मर्व मोठ्याने सुरू झाला, "आमच्या हिला गाडीमागे उभी करू नका हं! कुत्रं मारलंय हिने. हात वर करून ये म्हणाली!"

लोक हसले. मग ग्लेनिसच्या तोंडाकडे बघून गप्प झाले.

"अरे मर्व, पुरे," ती म्हणाली.

"पुरे काय पुरे? खरं ते खरं. मनाची चांगली आहे हो, पेस्टी तर अशी करते की बोटं चाटाल. पण मागे उभी करू नका."

त्याच्या पुढच्या तळावर पुन्हा तेच. एक ठसक्यातली बाई, पायात लाल सपाता घातलेली, ग्लेनिसला म्हणाली, "आमची मांजर मी आतच ठेवते हं, तुम्ही आलात तर." राग यायचा ग्लेनिसला, भयंकर राग. भांडी घासताना हातातली बशी त्याच्या डोक्यात घालावी असं वाटायचं. मग तो मागून येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवायचा आणि विचारायचा, "आपण कुठे चाललोय, ग्लेन?" आणि ती म्हणायची, "पश्चिमेला, राजा." रागाचं काय करायचं ते तिला कळत नसे.

माळरानात, जिथे झाड म्हणून औषधालाही नाही, तिथल्या एका ढाब्यामागच्या तळावर नेव्हिल शिर्मर पुन्हा भेटला. यात नवल काही नाही. रस्ता एकच, माणसं तीच, चुकवून चुकवणार कुणाला? मर्व आत दुपारची झोप घेत होता. ग्लेनिस दोरीवर टॉवेल वाळत घालत होती, वाऱ्याने ते तोंडावर येत होते. नेव्हिल चहाचा पेला घेऊन आला आणि दोरीच्या पलीकडे उभा राहिला.

"मी तेव्हा खुर्चीत बसलो होतो," तो म्हणाला. "तुमच्यासमोरच. तुमचे दोन्ही हात वर होते. थांब म्हणून ओरडलात तेही मी ऐकलं."

ग्लेनिसच्या हातातला चिमटा खाली पडला. "मग बोलला का नाहीत?"

"आयरिस पण तशीच झाली होती. शेगडीचा गॅस ती चालू ठेवायची, आणि मी लोकांना सांगायचो, मीच विसरलो." नेव्हिल चहा प्यायला नाही, नुसता पेल्यात बघत राहिला. "बाई इतकं मोठं खोटं मागतेय तर देऊन टाकू, असं वाटलं मला. आयरिसची कुत्री तर गेलीच होती."

"तुम्हाला माहीत नाही मी काय वचन दिलंय ते."

"माहीत नसेल. पण मीही दिलं होतं. सगळेच देतात." त्याने पलीकडे मान वळवली. ढाब्याच्या भिंतीशी दोन लहान मुली दगडांचं घर मांडत बसल्या होत्या. त्यांच्या आजी-आजोबांची कॅराव्हॅन शेजारीच लागलेली. "पुढच्या खेपेला टॉफी नसेल हो. किल्ली काढून घ्या. तुम्ही नाही घेतली तर मी ढाब्यावरून पोलिसांना फोन करीन. मला करायचा नाहीये. पण करीन."

ग्लेनिस भडकली. "कुत्रीचा सूड घेताय का?"

"घ्यायचा असता तर तेव्हाच घेतला असता," नेव्हिल शांतपणे म्हणाला, आणि खाली वाकून तिचा चिमटा उचलून दोरीला लावला.

ती आत गेली नाही. पायरीवर बसून राहिली. त्या पोरींचा आवाज येत होता, ही मोरी, हा पलंग, हा संडास, अशा वाटण्या चाललेल्या. नेव्हिल बरोबर बोलत होता, म्हणूनच तिला तो माणूस असह्य झाला होता. वचन पाळायचं तर कुणाचं तरी पोर चाकाखाली जाणार, आणि वचन मोडायचं तर मर्व खुर्चीला बांधला जाणार. ती ओठ चावून रडली. मर्वला ऐकू जाऊ नये म्हणून टॉवेल तोंडात धरला.

सकाळी चहा-टोस्ट झाल्यावर मर्वने सवयीने किल्लीसाठी खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा. किल्ली ग्लेनिसच्या मुठीत.

"आज मी चालवते," ती म्हणाली.

"तू?" मर्व हसायला लागला. "तू कुत्रं मारलंस, आणि तू चालवणार?"

खरं सांगावं, एकदा तरी खरं सांगावं, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. मी नाही रे, तू मारलंस. पण मग तिला दुसरंच सुचलं, आणि सुचलं त्याची तिलाच शरम वाटली. "म्हणूनच तर," ती म्हणाली. "मला मागे उभं राहता येत नाही. माझा घोळ होतो. मागे शहाणं माणूस पाहिजे. तू उभा राहा, मी चालवते."

मर्वने विचार केला. मग त्याची छाती फुगली. "हे मात्र बरोबर बोललीस. आधीच ऐकलं असतंस तर ते बिचारं जनावर वाचलं असतं." आणि टोपी घालून तो बाहेर पडला. इतक्या दिवसांच्या बदनामीचं तेवढं एक फळ तिच्या पदरात पडलं.

समोर कुणाची तरी कॅराव्हॅन लागलेली, त्यामुळे गाडी मागेच घेऊन काढावी लागणार होती. ग्लेनिसने सीट पुढे ओढली, तरी पाय जेमतेम पोचत होते. नेव्हिलने त्या दोन पोरींना लांब ढाब्याच्या ओसरीवर नेऊन उभं केलं होतं. आरशात मर्व दिसत होता, पाय फाकून, ट्रकवाल्याच्या ऐटीत उभा. "हात वर म्हणजे थांब!" तो ओरडला. "त्यात घोळ नको!"

तिने गाडी मागे सोडली. गोगलगायीसारखी. बोटं हलत होती, ये, ये. जमतंय की! अल्बनीपर्यंत असंच जाऊ, मी चालवेन, तो खुणा करेल, रेलीनला काय कळतंय. मग आरशातली बोटं थांबली. मर्व गाडीकडे बघत होता, पण काहीतरी निराळंच बघत होता. त्याने उजवा हात उचलला आणि एक बोट वर केलं. नुसतं एक बोट, रस्त्यावर अनोळखी गाडी भेटली की करतात तसं. आणि हसून पुढे चालत आला. आरशातून दिसेनासा झाला. दुसऱ्याही आरशात नाही.

ग्लेनिसने ब्रेकवर दोन्ही पाय दिले. भांडी खडखडली. दार उघडून ती खाली अक्षरशः पडली, उठली, धावत मागे गेली. "मर्व! मर्व!"

तो गाडीच्या मागे, बंपरला पोट टेकेल इतक्या जवळ उभा होता. काही झालं नव्हतं त्याला. पट्टीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचत होता, आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"भ्रमिष्ट होण्याआधी भ्रमण!" तो तिला म्हणाला. "भारी आहे हो. तुमची गाडी का, बाई?"

ग्लेनिसला दम लागला होता. तिने मान हलवली. हो.

"आमच्या हिला दाखवायला पाहिजे. इथेच कुठेतरी असेल ती. तुम्ही पाहिलंत का तिला? लहानखुरी आहे." मग तो जवळ सरकला आणि आवाज खाली घेतला. "गाडीमागे मात्र उभी करू नका हं तिला. कुत्रं मारलंय तिने. स्वभाव चांगला आहे, पण त्या दिवसापासून रडते. तिला वाटतं, मी झोपलेलो असतो."

ओसरीवरून नेव्हिल दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"ती पुढे गेलीय," ग्लेनिस कसंबसं म्हणाली. "पश्चिमेला. चला, मी तुम्हाला सोडते तिच्याकडे. बसा गाडीत."

मर्वने नम्रपणे मान हलवली. "नको, बाई. तुम्ही व्हा पुढे. मी इथेच थांबतो. ती मला टाकून जायची नाही. वचन दिलंय तिने."

ग्लेनिसने मग गाडीतून घडीच्या दोन खुर्च्या काढल्या, त्या पट्टीकडे पाठ करून मांडल्या, आणि ती दोघं तिची वाट बघत बसली.